एका जुडीत बांधलेल्या वायरी

आमच्या कामातला आवाज कानाला ऐकू येत नाही, हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आता मला त्या वाक्याचाच कंटाळा आलाय. कुणी पाहुणा वर्कशॉपमध्ये आला आणि मी म्हटलं की मी कन्व्हर्टरचा आवाज मोजते, की तो हमखास डबा उचलून कानाला लावतो. वर मलाच सांगतो, 'छे, काहीच तर येत नाही.' अहो, येणारच नाही. हा आवाज वायरीतून वाहतो. कन्व्हर्टरच्या, म्हणजे वीज हवी तशी बदलून देणाऱ्या डब्याच्या, पोटात एक स्विच असतो, तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, आणि त्या धसमुसळेपणात विजेचे बारीक शिंतोडे उडतात. आपल्या डब्याचं त्यात काही बिघडत नाही, शेजारच्या यंत्राला मात्र ते बाधतात. म्हणून आम्ही घरात त्याला आवाज म्हणतच नाही, कचरा म्हणतो. कचरा कुठून येतो ते हुंगून काढायचं आणि तो डब्याबाहेर पडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून मी ते करते आहे, आणि चांगलं करते. उगाच विनय कशाला?

आमचं घर वर आणि वर्कशॉप खाली. दाराशी आमच्या ह्यांची काचेची केबिन आहे, तिथे बसून ते दिवसभर फोनवर बोलतात. मधलं टेबल माझं. मागच्या भिंतीला लागून धाकटीचं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. भाऊजी माल विकायला सतत बाहेरगावी असतात, त्यामुळे लग्न त्यांच्याशी झालं असलं तरी तिचा सगळा संसार आमच्याच तिघांशी चालतो. मोठ्या कंपनीतली डिझाइनची नोकरी सोडून ती इथे आली. आली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, नव्याचे नऊ दिवस. पण पोरगी टिकली.

आणि खिडकीजवळचं, उजेडाचं टेबल सासूबाईंचं. त्या तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी बांधायच्या. शेकडो वायरींची जुडी करायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर गाठी मारत जायचं, आणि जुडी अशी सरळ दिसली पाहिजे की ती एकच जाड वायर वाटावी. पुढे सासऱ्यांनी हे वर्कशॉप काढलं. ते डबे करायचे, सासूबाई वायरी बांधायच्या. सासरे गेले, डबे बदलले, पण बांधणं त्यांच्याकडेच राहिलं. प्लास्टिकच्या पट्ट्यांना त्या हातकड्या म्हणतात आणि वर्कशॉपमध्ये येऊ देत नाहीत. आमचे ग्राहक झाकण उघडून आतली जुडी बघतात आणि दुसऱ्याला हाक मारून दाखवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा हात थोडा थरथरायला लागला. आमच्या ह्यांचं मन चांगलं, पण जिभेला हाड नाही. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, आता पुरे झालं. वर बसा आरामात. पट्ट्या लावायला कुणीही चालेल." सासूबाईंनी दोरा गुंडाळून ठेवला, वर गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवणाचं ताट पाठवावं तर तसंच्या तसं परत यायचं. मी समजूत घातली, रागावले, डॉक्टरही आणले. काही उपयोग झाला नाही. शेवटी धाकटी एक उघडा डबा घेऊन वर गेली, तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अहो आई, एवढं बांधून द्याल का? मला जमत नाहीये." दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चष्मा पुसत खाली हजर. ह्यांनी त्यानंतर तो विषय काढला नाही. पण तो त्यांच्या मनातून गेला नव्हता, हेही आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आता त्या डब्याची गोष्ट. रुग्णाच्या खाटेशेजारी एक छोटा पंप ठेवतात, तो शिरेतून थेंबाथेंबानं औषध देतो. त्या पंपाला वीज पुरवणारा डबा आम्हाला करायचा होता. धाकटीचं हे पहिलं स्वतंत्र डिझाइन. आमच्या जुन्या वजनदार ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांपुढे तिचा कन्व्हर्टर म्हणजे खेळणं वाटावं इतका हलका, आणि तापायचा नाही. अडचण एकच होती. असल्या पंपाजवळ कचरा अजिबात चालत नाही, पंप थेंब मोजायला चुकू शकतो. म्हणून बाहेरच्या टेस्टिंग लॅबमधून पास झाल्याशिवाय डबा विकता येत नाही.

माझ्या टेबलावर तिचा बोर्ड पहिल्याच फटक्यात पास झाला. लॅबमध्ये डबा नापास झाला. धाकटीनं कचरा अडवणाऱ्या फिल्टरची कॉइल वाढवली. माझ्याकडे पास, लॅबमध्ये नापास. मग तिनं वायरींवर कचरा शोषणारे फेराइटचे मणी ओवले, आतून तांब्याचा पत्रा लावला, स्विचची गती मंदावली तर तो तापायला लागला, म्हणून त्याच्यावर ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला. हलका डबा चांगला जडशीळ झाला. एका खोक्यात किती चिंध्या कोंबायच्या, असं मी तिला म्हणालेसुद्धा. तिसऱ्यांदा लॅबमधल्या गृहस्थांचा फोन आला, तेव्हा मीच उचलला. ते फार सभ्य आहेत, निकाल सांगताना सांत्वनाला आल्यासारखे बोलतात. "वरच्या फ्रिक्वेन्सीला आलेखात अजून उंचवटा दिसतोय हो," म्हणाले. "वाईट वाटतं."

ह्यांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आणि नसतं तरी मी ऐकलंच असतं.

"नक्की काय होतंय?" ह्यांनी विचारलं.

"टेबलावर तर पास होतो, दादा," धाकटी म्हणाली.

"म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं." हे हसले. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. त्यांचा मऊ आवाज मला जास्त भीतिदायक वाटतो. "हे बघ, पुढच्या आठवड्यात शेवटचा एक प्रयत्न करू. नाही झालं तर डिझाइन बाहेरच्या कन्सल्टंटला देऊन टाकतो. हा डबाही आणि यापुढचेही. तू माल पाठवायचं टेबल सांभाळ. तेही घरचंच काम आहे, त्यात कमीपणा नाही."

"बरं, दादा," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोरचा सोल्डरिंगचा दिवा तिनं लावला, मग विझवला, आणि तशीच बसून राहिली.

मला संताप आला. तिच्या त्या 'बरं, दादा'चा तर आलाच. जिनं नोकरी सोडली, जिच्या हाताला हे काम लागलंय, तिनं एवढ्यावर मान खाली घालावी? आणि दुसरा राग माझ्या स्वतःवरच होता. टेबलावर पास आणि लॅबमध्ये नापास याचा अर्थ एकच, माझं माप खोटं. माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली तर मी सोडून देते. मापाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी पार्ट आणायला गेली होती. सासूबाई जेवून वर आडव्या झाल्या होत्या. मी तिच्या फळीवरचा नापास डबा उचलून माझ्या टेबलावर आणला.

आमच्या धंद्यात पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो. प्रोबची, म्हणजे मापायच्या काडीची, अर्थिंगची वायर लांब लोंबत ठेवली तर ती वायरच हवेतला कचरा गोळा करते, आणि माणूस समजतो डबा घाण आहे. नवशिके हमखास यात फसतात. म्हणून मी आधी प्रोबचं टोक आणि त्याची अर्थिंगची वायर एकाच जागी टेकवून बघितली. स्क्रीनवरची रेघ सपाट. माझं माप खरं होतं. मग मी डब्याचं झाकण उघडलं आणि तेव्हा लक्षात आलं, की हा डबा बांधून झालेल्या अवस्थेत मी पहिल्यांदाच बघते आहे. आजवर माझ्याकडे यायचा तो नुसता बोर्ड. डबा बांधून झाला की धाकटी तो स्वतः पॅक करून लॅबला न्यायची, माझ्या टेबलाजवळ फिरकू द्यायची नाही. मला वाटायचं, घाई असेल.

डबा चालू केला. स्क्रीनच्या उजव्या बाजूला तो उंचवटा आला, लॅबमधल्या गृहस्थांना वाईट वाटणारा. मी हुंगायची वायर काढली. साध्या केबलच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं वायरीचं कडं, मीच केलेलं. ते कडं ज्या जागेवर धरावं तिथला कचरा स्क्रीनवर दिसतो. स्विचवर धरलं तर रेघ उसळली. ठीक आहे, तो त्याचा स्वभावच. फिल्टरकडे सरकले. कन्व्हर्टरकडून फिल्टरला येणारी वायर मळकी असणार, आणि फिल्टरमधून बाहेर डब्याच्या तोंडाकडे जाणारी वायर धुतलेली असणार, हा साधा हिशेब. फिल्टरच्या बाहेरच्या टोकाला कडं धरलं. रेघ शांत. धाकटीचा फिल्टर चोख होता.

त्याच धुतलेल्या वायरीवरून कडं पुढे नेलं. चार बोटं पुढे ती वायर जुडीत शिरत होती. तिथे रेघ पुन्हा उसळली.

जुडी नेहमीसारखी देखणी होती. सगळ्या वायरी गालाला गाल लावून, एका रेषेत, गाठी समान अंतरावर. मळकी वायर आणि धुतलेली वायर त्या जुडीत अगदी शेजारी शेजारी, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला दोन वायरी एकमेकींना टेकायलाही लागत नाहीत, नुसत्या खेटून चालल्या तरी एकीचा कचरा दुसरीत उडी मारतो. म्हणजे पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. कुलूप कितीही मोठं केलं असतं तरी काय फरक पडणार होता? मी पेन्सिलचं टोक त्या दोन वायरींच्या मधे घुसवून त्या जरा फाकवल्या. उंचवटा खाली बसला. पेन्सिल काढली. वर आला. पुन्हा घातली. मला एवढा आनंद झाला की मी ते कितीदा केलं कोण जाणे.

मग मला ती जुडी कुणाच्या हातची आहे ते आठवलं, आणि सगळा आनंद ओसरला.

सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. जुन्या डब्यांमध्ये असला भरभर चालू-बंद होणारा स्विचच नव्हता, तिथे सगळ्या वायरी एकत्र बांधल्या तरी कुणाला त्रास नव्हता. त्यांनी आयुष्यभर जे बरोबर केलं तेच याही डब्यात केलं होतं. पण हे मी ह्यांना कसं सांगणार होते? ते एवढंच ऐकणार होते, की आईच्या बांधण्यामुळे डबा नापास झाला.

पेन्सिल काढताना मला ती गाठ दिसली. सासूबाईंच्या गाठी सगळ्या उजवीकडे कलतात. फिल्टरजवळची एकच गाठ डावीकडे कलली होती. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच आहे. धाकटीनं ती जुडी तिथे सोडली होती, आणि हुबेहूब पूर्वीसारखी परत बांधली होती.

ती पार्टांची पिशवी घेऊन आली तेव्हा मी मागच्या पायऱ्यांवर बसले होते. तिला तिथेच थांबवलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली. "पहिल्यांदा नापास झाला तेव्हापासून."

"आणि मूग गिळून बसलीस?"

"ताई, तुम्ही ते ताट परत येताना बघितलंत ना? दादांना कळलं तर ते आईंच्या हातातून दोरा काढून घेतील. या खेपेला त्या वर गेल्या तर मी कुठला डबा घेऊन जाऊ? म्हणून म्हटलं, फिल्टरच इतका दणकट करू की जुडी कशीही असली तरी चालेल."

"जुडीपुढे फिल्टर चालत नाही, बाई."

"माहीत आहे. तरी करून बघितलं." ती माझ्या शेजारी बसली. "आता तसंही एकच आठवडा राहिलाय. डिझाइन बाहेर गेलं की ते लोक त्यांच्या तयार वायरी वापरतील. आईंचं नाव कुठेच येणार नाही. बाकीचे जुने डबे त्यांच्याकडेच राहतील."

"चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं," मी म्हटलं, "पण इथे संन्यासी स्वतःच दोर वळून देतोय."

ती हसली. मग तिचे डोळे भरले, आणि तिनं ते बाहीनं पुसले. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक चापट मारावीशीही वाटत होती. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "लॅबला न्यायचा तेवढा एक डबा मी गुपचूप वेगळा बांधून देते."

"आणि नंतरचे? ते आईच बांधणार." तिनं मान हलवली. "तो पंप कुणाच्या तरी उशाशी असणार, ताई. तसं नाही करायचं."

हे तिचं खरं होतं. पण मी काही गप्प राहणारी बाई नाही. "मग मी सांगते त्यांना," मी म्हणाले आणि उठले.

"ताई, नको. प्लीज. मला माल पाठवायचं टेबल चालेल."

"मला नाही चालणार," मी म्हटलं.

सासूबाई खाली येऊन खिडकीशी बसल्या होत्या, दोऱ्याला मेण लावत होत्या. ह्यांची केबिन रिकामी होती, बँकेत गेले होते. मी डबा, स्क्रीन, सगळं त्यांच्या टेबलावर नेऊन मांडलं. धाकटी माझ्या मागे उभी राहिली, शाळेत उभं केल्यासारखी. मी गोड बोलायच्या भानगडीत पडले नाही, मला ते येतही नाही.

"अहो आई, हे जरा बघा. ही वायर मळकी आहे. ही धुतलेली. दोन्ही एका जुडीत आहेत, त्यामुळे हिचा मळ तिला लागतोय. ही पेन्सिल मधे घाला."

त्यांनी पेन्सिल घेतली. हात थरथरत होता, त्यांनी मनगट टेबलावर टेकवलं आणि टोक बरोबर दोन वायरींमध्ये घातलं. स्क्रीनवर उंचवटा बसला. काढलं, वर आला. पुन्हा एकदा केलं. मग पेन्सिल खाली ठेवून त्यांनी डबा जवळ ओढला.

"एक्स्चेंजमध्येही कधी कधी एका वायरीतलं बोलणं दुसरीत शिरायचं," त्या म्हणाल्या. "म्हणून जोड्या पिळून घ्यायचो. इथे कुणी बोलत नाही म्हणून मला सुचलं नाही."

गाठींवरून त्या बोट फिरवत गेल्या. फिल्टरजवळ बोट थांबलं.

"ही माझी नाही."

त्यांनी चष्म्यावरून धाकटीकडे बघितलं. "तू सोडून बघितलीस?"

"हो."

"कधी?"

"पहिल्यांदा परत आला तेव्हा."

"आणि परत बांधून ठेवलीस. मग हे सगळे मणी, पत्रे, एवढा जड डबा, आणि थोरला तुला केबिनमध्ये बोलावून बोलला, ते सगळं यावरून?"

धाकटीनं मान डोलावली. मला वाटलं, आता या उठणार, दोरा गुंडाळणार, जिना चढणार. मी जिन्याकडे बघूनही घेतलं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"पाहुण्यांकडे जेवायला गेलो आणि भाजीत मीठ कमी पडलं, तर आपण बोलतो का?" त्यांनी विचारलं. "गोड मानून खातो. घरी गेल्यावर आपसात बोलतो. म्हणजे तू मला पाहुण्यांच्या रांगेत बसवलंस."

"अहो आई, तसं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"हे तुझ्या आईनं बांधलं असतं तर?"

धाकटी टेबलावरची पेन्सिल उचलून नीट ठेवायला लागली.

"विचारतेय मी. तुझ्या स्वतःच्या आईनं बांधलं असतं तर काय केलं असतंस?"

"ओरडले असते तिच्यावर," धाकटी अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"मग ओरड की."

धाकटीनं ओरडायला म्हणून तोंड उघडलं. ती तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली. सासूबाईंनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी कात्री घेतली आणि आपलीच जुडी एका टोकापासून कापायला सुरुवात केली. एकेक गाठ. मला बघवेना, मी स्क्रीनकडे बघत राहिले. सगळ्या वायरी मोकळ्या झाल्या तशा त्या म्हणाल्या, "आता सांग. यातल्या कुणाचं कुणाशी पटत नाही? या घरात राहून तेवढी बसायची व्यवस्था मला करता येते."

मग काम सुरू झालं. मळक्या वायरींची जोडी घट्ट पिळून डाव्या भिंतीनं न्यायची, धुतलेली उजव्या भिंतीनं, आणि जिथे एकमेकींना ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडायचं, सोबत चालायचं नाही. धाकटी नाक ओढत सांगत होती. "अहो आई, ही जरा इकडून घेतली तर बरं होईल का?" "अहो आई, तुम्हाला चालत असेल तर..." तिच्या त्या अदबीत अर्धा तास गेला, आणि मी मनात म्हटलं, असं चाललं तर लॅबची तारीख इथेच उजाडेल. सासूबाई गाठी मारत होत्या. जुन्या सवयीनं त्यांचा हात धुतलेली वायर मधोमध ओढायला गेला, म्हणजे सगळं एका रेषेत दिसेल.

"अगं आई, तिकडून नको! किती वेळा सांगू तुला?"

माझ्या हातातलं कडं खाली पडलं. या घरात सासूबाईंना 'अगं' कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. धाकटीनं तोंडावर हात ठेवला. "अहो, म्हणजे... आई, तुम्ही..."

सासूबाईंच्या दातात दोरा होता. तो न काढताच त्या म्हणाल्या, "मग कुठून? नीट दाखव की."

धाकटीनं त्यांचा हात धरला आणि वायर उजव्या भिंतीला टेकवून दाखवली.

हे बँकेतून परत आले तेव्हा स्क्रीनवर रेघ पास होण्याच्या मर्यादेच्या खूप खाली सपाट पडली होती, आणि धाकटी तिचे मणी आणि पत्रे एकेक करून डब्यातून बाहेर काढत होती. काय झालं ते सासूबाईंनीच त्यांना सांगितलं, आडपडदा न ठेवता. "चूक माझ्या बांधण्यात होती, हिच्या डिझाइनमध्ये नाही."

हे लगेच म्हणाले, "आई, म्हणूनच मी तेव्हा म्हणत होतो की आता..."

"आणि ते माल पाठवायचं टेबल," सासूबाई गाठ आवळत म्हणाल्या, "रिकामं असेल तर तू घे. तुला फोनवर बोलायची सवय आहे."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना काही मदत केली नाही. मग त्यांनी वाकून स्क्रीनवरची रेघ बघितली, आणि धाकटीला म्हणाले, "पुढच्या डब्याचं डिझाइनही तूच सुरू कर." त्यांच्या तोंडून माफी यायची ती याच आकारात येते, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय.

लॅबमध्ये डबा पास झाला. त्या सभ्य गृहस्थांनी ते सांगितलं तेही सांत्वनाच्याच सुरात, त्यामुळे मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आता खिडकीजवळच्या टेबलावर दोन खुर्च्या असतात, आणि तिथे रोज भांडण होतं. परवा तर कहर झाला. "अगं आई, केवढी आवळलीस ही गाठ, आतली वायर दबली ना," धाकटी म्हणत होती. "तुझी डावरी गाठ तर आपोआप सुटते, ती आधी बघ," सासूबाई म्हणत होत्या. दोघींचा आवाज पार दारापर्यंत. ह्यांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं, फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "अगं, त्यांना जरा हळू बोलायला सांग ना. ग्राहक आहे."

मी त्या दोघींकडे बघत होते. इतकी वर्षं मी या घरात आहे. सासूबाईंचं मी सगळं केलं, दुखणी काढली, त्यांना कधी उलटून बोलले नाही, आणि त्याही माझ्याशी कधी भांडल्या नाहीत. लोक आमचं कौतुक करतात. त्या दिवशी ते भांडण ऐकताना मला धाकटीचा हेवा वाटला, अगदी पोटातून वाटला.

मी उठले आणि ह्यांच्या केबिनचं दार ओढून घेतलं.